विश्लेषण : संशय सूर्यावर, सापडली आकाशगंगा! रेडिओतल्या खरखरीचा माग काढणारा कार्ल जान्स्की कोण होता?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी मोहोपाड्यातल्या आमच्या गच्चीवर दोन रात्री एका रेघेच्या मागे घालवल्या होत्या. लॅपटॉपला लावलेला एक स्वस्तातला यूएसबी डोंगल, त्याला वायरीची घरगुती अँटेना आणि स्क्रीनवर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचं सॉफ्टवेअर, एवढाच संसार. आपल्या भोवतीच्या हवेत कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे, हे असं यंत्र आलेखात दाखवतं. ते रिअल-टाइम असेल तर न थांबता दाखवतं, म्हणजे क्षणभर चमकून गेलेला सिग्नलही सुटत नाही.

माझ्या आलेखात एफएमची स्टेशनं दिसत होती, ती ओळखीची. पण त्यांच्या मधेमधे सारख्या अंतरावर उभ्या राहिलेल्या काही रेघा होत्या. कंगव्याच्या दातांसारख्या. त्या कुठल्याच यादीत बसेनात. पहिला संशय आसपासच्या कारखान्यांवर, दुसरा मोबाइल टॉवरवर, तिसरा शेजाऱ्यांच्या नव्या एलईडी दिव्यांवर. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि रेघा गायब झाल्या. गुन्हेगार माझ्याच लॅपटॉपचा चार्जर होता.

अशा नको असलेल्या, खोट्या सिग्नलला इंजिनीअर लोक स्पर म्हणतात. त्याचा माग काढणं हे कंटाळवाणं, चिकाटीचं आणि बहुतेक वेळा फजितीत संपणारं काम असतं. पण सुमारे ९० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका पंचविशीतल्या इंजिनीअरने अशाच एका नको असलेल्या आवाजाचा पाठलाग केला आणि तो आवाज सुटेना म्हणून वर्षभर सोडलाच नाही. त्यातून खगोलशास्त्राची एक अख्खी शाखा जन्माला आली. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण त्याच शाखेची. त्या इंजिनीअरचं नाव कार्ल जान्स्की.

कोण होता हा कार्ल जान्स्की?

कार्ल गुथे जान्स्कीचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ चा, ओक्लाहोमामधल्या नॉर्मन या गावचा. घराणं मूळचं चेक. वडील इंजिनीअरिंगचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला आपल्या भौतिकशास्त्राच्या गुरूंचं, कार्ल गुथे यांचं, नाव दिलं. पुढे वडील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि कार्लचं शिक्षणही तिथेच झालं. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा भाऊ रेडिओ इंजिनीअर. म्हणजे घरात रेडिओ होताच.

कार्ल अभ्यासात हुशार आणि विद्यापीठाच्या आइस हॉकी संघातला खेळाडू. १९२७ मध्ये त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पण त्याच काळात एक गोष्ट समोर आली, जिने त्याचं उरलेलं आयुष्य आखून दिलं. त्याला मूत्रपिंडाचा विकार होता. तेव्हा त्याला ब्राइट्स डिसीज म्हणत. डायलिसिस नव्हतं, रक्तदाबाची आजच्यासारखी औषधं नव्हती.

१९२८ मध्ये त्याने बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये अर्ज केला, तेव्हा हाच आजार आडवा आला. कंपनी असा माणूस घ्यायला कचरत होती. मोठ्या भावाची तिथे ओळख होती, त्याने शब्द टाकला आणि नोकरी मिळाली. मात्र त्याला न्यूयॉर्कच्या धावपळीत न ठेवता न्यू जर्सीतल्या क्लिफवुडच्या ग्रामीण केंद्रावर धाडलं गेलं, शांत जागी तब्येत बरी राहील म्हणून. ही बदली नसती तर पुढचं काही घडलं असतं का, कोण जाणे!

त्याला काम काय दिलं होतं?

यासाठी तेव्हाचा फोन समजून घ्यावा लागेल. न्यूयॉर्कहून लंडनला फोन लावण्याची सोय ७ जानेवारी १९२७ ला सुरू झाली. समुद्राखालून बोलणं नेणारी केबल तेव्हा नव्हती, बोलणं रेडिओ लहरींवरून जायचं. पहिल्या ३ मिनिटांचे ७५ डॉलर. त्या पैशांत पलीकडून नुसती खरखर ऐकू आली तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हे सांगायला नको.

आपल्याकडेही हा काळ नेमका तोच आहे. १९२७ मध्येच मार्कोनींच्या पद्धतीची बीम वायरलेस सेवा हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात सुरू झाली. तारा पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि तिकडून येणाऱ्या तारा पकडणारं केंद्र दौंडला. पाठवणं एकीकडे, घेणं दुसरीकडे. आपल्याच मोठ्या आवाजाने आपले कान बधिर होऊ नयेत, म्हणून. दौंडच्या माळावर आणि न्यू जर्सीच्या शेतात लहरी पकडणाऱ्यांची अडचण एकच होती, ती म्हणजे शॉर्टवेव्हवर मधेच घुसणारी खरखर.

जान्स्कीला सांगितलेलं काम साधं होतं. ही खरखर कोणत्या दिशेने येते, किती येते, केव्हा येते हे शोधायचं. दिशा कळली की अँटेनाचं तोंड तिच्यापासून दुसरीकडे वळवता येईल, असा हिशेब. शोध लावायला त्याला कुणीच पाठवलं नव्हतं. फोन नीट ऐकू यावा, एवढंच.

चाकांवरची अँटेना

त्याने जी अँटेना बांधली, तिचे फोटो आजही पाहण्यासारखे आहेत. सुमारे ३० मीटर लांब, ६ मीटर उंच, लाकडी सांगाड्यावर पितळी नळ्या. एखाद्या पडक्या विमानाचा सांगाडा वाटावा असा प्रकार. आणि खाली फोर्डच्या मॉडेल टी मोटारीची चार चाकं! गोल मार्गावर मोटरच्या साहाय्याने ती २० मिनिटांत एक फेरा पूर्ण करायची. सहकाऱ्यांनी तिला मेरी-गो-राउंड हे नाव ठेवलं, म्हणजे जत्रेतली घोड्यांची चक्री. १९३० मध्ये केंद्र क्लिफवुडहून होल्मडेलला हललं, तेव्हा चक्रीही तिकडे गेली आणि बटाट्याच्या जुन्या शेतात फिरू लागली.

अँटेना २०.५ मेगाहर्ट्झवर लावली होती, म्हणजे तरंगलांबी साधारण १४.६ मीटर. शेजारच्या खोपटात रिसीव्हर आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढत जाणारी पेन. त्याचा वरिष्ठ हॅराल्ड फ्रीस हा मूळचा डॅनिश, रिसीव्हर बांधण्यात वाकबगार. रिसीव्हर चांगला असणं इथे फार महत्त्वाचं होतं, कारण यंत्राला स्वतःचा आवाज असतोच. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलत राहतात आणि त्यातून मंद सूंसूं निघते. ही गोष्टही बेल लॅबच्याच जॉन्सनने १९२८ मध्ये दाखवून दिली होती आणि नायक्विस्टने तिचं गणित मांडलं होतं. स्वतःचा आवाज मोठा असलेल्या यंत्राला बाहेरचा बारीक आवाज ऐकूच येत नाही.

वर्षभर कागदावर कागद जमत गेले. जान्स्कीने खरखरीचे तीन गट पाडले. जवळच्या गडगडाटी वादळांची कडकड हा पहिला. दूरच्या वादळांची, आयनांबरावरून परतून येणारी खरखर हा दुसरा. तिसरा गट मात्र विचित्र होता. बारीक, सलग, न थांबणारा हिस्स आवाज. यंत्राच्या स्वतःच्या सूंसूंशी तो इतका मिळताजुळता की दुसरा कुणी असता तर रिसीव्हरमध्येच काहीतरी बिघाड आहे असं म्हणून पुढे गेला असता.

जान्स्की गेला नाही. कारण एकच. रिसीव्हरमधला आवाज अँटेना कुठेही वळली तरी सारखाच राहायला हवा. हा आवाज चक्रीबरोबर कमी-जास्त होत होता. दर २० मिनिटांनी पेन एकदा वर चढायची. म्हणजे तो बाहेरून येत होता आणि एका ठरावीक दिशेने येत होता.

सूर्यावर संशय का आला?

इथे ही गोष्ट खरी रंगते, आणि मराठी वाचकाला ती अमेरिकी वाचकापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

१९३१ चा डिसेंबर आणि १९३२ चा जानेवारी. हा हिस्स आवाज पहाटे आग्नेयेकडून येई, दुपारी दक्षिणेकडून, संध्याकाळी नैऋत्येकडून. म्हणजे सूर्य असेल तिकडून. घरच्यांना लिहिलेल्या पत्रांतून त्याची उत्सुकता कळते. आवाज सूर्याचाच असणार, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

पण आठवडे गेले तसा आवाज सूर्याच्या पुढे पळू लागला. सूर्य दक्षिणेला यायच्या आधीच आवाज दक्षिण ओलांडून जाई. आधी थोडा, मग तासभर, मग दोन तास. महिन्याला साधारण दोन तास, या हिशेबाने. वर्ष संपता संपता तो पुन्हा फिरून सूर्याजवळ आला. ज्या गोष्टीची वेळ अशी सरकते, ती २४ तासांच्या घड्याळावर चालत नाही. ती २३ तास ५६ मिनिटांच्या घड्याळावर चालते.

हे ५६ मिनिटांचं घड्याळ कोणाचं? ताऱ्यांचं. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, त्यामुळे कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. आपल्या शेतकऱ्याचं पावसाळी पंचांग याच सरकण्यावर उभं आहे. मृग लागला, आर्द्रा लागली असं आपण म्हणतो, तेव्हा सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एका नक्षत्रातून दुसऱ्यात गेलेला असतो. एका नक्षत्राला साडेतेरा दिवस, २७ नक्षत्रं, झालं एक वर्ष. जान्स्कीच्या कागदावर हेच पंचांग उमटत होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. तो इंजिनीअर होता, खगोलशास्त्र शिकलेला नव्हता. स्केलेट नावाच्या सहकाऱ्याला आकाशाची माहिती होती, त्याने ताऱ्यांच्या वेळेची कल्पना समजावली. १९३२ च्या डिसेंबरात कोडं सुटलं. आवाजाची जागा ताऱ्यांमध्ये ठाम होती. सरकत होता तो सूर्य.

मग ती जागा कोणती? धनू राशीच्या बाजूची, जिथे आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे.

आता डिसेंबर-जानेवारीत आवाज आणि सूर्य एकाच दिशेला का होते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो धनुर्मास होता! डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत सूर्य धनू राशीत असतो. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाच्या खिचडीचा नैवेद्य होतो. धुंधुरमास म्हणतो तो हाच. जान्स्कीने नेमक्या त्याच महिन्यात पाहिलं आणि आकाशगंगेच्या मध्यासमोर सूर्य उभा असल्याने त्याची दिशाभूल झाली. तो जूनमध्ये या निष्कर्षाशी आला असता, तर सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला असता आणि संशय घेण्यासारखं काही उरलंच नसतं.

त्याला एका गोष्टीने मात्र साथ दिली. १९३३ च्या आसपास सूर्य आपल्या ११ वर्षांच्या चक्रात सर्वांत शांत होता. सूर्य जोरात असता तर आयनांबर इतकं दाट झालं असतं की दिवसा २०.५ मेगाहर्ट्झच्या बाहेरच्या लहरी खाली पोहोचल्याच नसत्या.

जगाने काय केलं?

पहिला निबंध १९३२ च्या डिसेंबरात छापून आला, त्यात तिसऱ्या आवाजाचं मूळ अज्ञात म्हणून नोंदवलं होतं. २७ एप्रिल १९३३ ला वॉशिंग्टनमध्ये रेडिओ शास्त्रज्ञांच्या बैठकीत त्याने खरं उत्तर मांडलं. समोर मोजकी माणसं. वरिष्ठांच्या सावध सल्ल्याने निबंधाचं शीर्षक इतकं मिळमिळीत ठेवलं होतं की वाचणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागू नये. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने याबद्दल कुरकूरही केली आहे.

पण बेलच्या प्रसिद्धी खात्याने बातमी दिली आणि ५ मे १९३३ ला ती न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. १५ मे रोजी एनबीसी रेडिओने तो आवाज थेट ऐकवला. घरोघरच्या श्रोत्यांनी काही सेकंद आकाशगंगा ऐकली. वाफ सुटल्यासारखा आवाज! नेचरमध्येही त्याची टिपण छापून आली. १९३५ मध्ये त्याने आणखी एक निबंध लिहिला. आवाज फक्त मध्यातून नाही, आकाशगंगेच्या सगळ्या पट्ट्यातून येतो, असं त्यात दाखवलं. तो ताऱ्यांतून येत असावा किंवा ताऱ्यांच्या मधल्या विद्युतभारित कणांतून, असे दोन पर्यायही दिले.

आणि मग? मग काही नाही.

खगोलशास्त्रज्ञांना दुर्बिणीची काच कळत होती, सर्किट कळत नव्हतं. इंजिनीअरना सर्किट कळत होतं, आकाशगंगेशी देणंघेणं नव्हतं. हार्वर्डच्या व्हिपल आणि ग्रीनस्टीन यांनी १९३७ मध्ये या आवाजाचं गणित जुळवून पाहिलं, ते जुळलं नाही. खरं कारण, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने गरगरणारे इलेक्ट्रॉन, शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं ते १९५० च्या सुमारास.

बेलने त्याला थांबवलं का?

यावर अजून वाद आहे. एक बाजू म्हणते की जान्स्कीला मोठी अँटेना बांधून पुढे जायचं होतं आणि कंपनीने त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं. १९३४ च्या सुरुवातीला वडिलांना लिहिलेल्या पत्रात आता अवकाशातल्या लहरींवर काम करत नसल्याचा उल्लेख आहे. दुसरी बाजू फ्रीसची. जान्स्कीने आपल्याकडे हे काम पुढे नेण्याची इच्छा कधी व्यक्तच केली नाही, असं त्याने नंतर लिहिलं.

कागदपत्रं पाहता मला दोन्ही खरं वाटतं. कंपनीच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. आवाज आकाशगंगेचा आहे, तो बंद करता येणार नाही, विषय संपला. काळ महामंदीचा. घरी पत्नी आणि लहान मुलं. अंगात असा आजार की ही नोकरी मिळतानाच अडचण झाली होती. अशा माणसाने साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून आपल्याला वेगळं काम हवंय असं ठासून सांगितलं नसेल, तर त्याचा अर्थ त्याला ते नको होतं असा होत नाही. कर्ज डोक्यावर असलेल्या कुठल्याही इंजिनीअरला हे कळेल.

दुसऱ्या महायुद्धात त्याने शत्रूच्या पाणबुड्यांचे रेडिओ संदेश कुठून येतात, हे ओळखणाऱ्या दिशाशोधकांवर काम केलं. दिशा शोधणं हेच त्याचं कसब. त्या कामाबद्दल सैन्याकडून गौरवही झाला. पण शरीर साथ सोडत होतं. १४ फेब्रुवारी १९५० ला न्यू जर्सीतल्या रेड बँक इथे त्याचं निधन झालं. वय ४४. नोबेल मिळणं दूरच, रेडिओ खगोलशास्त्र या नावाची शाखा नुकती कुठे बाळसं धरत होती. तिला पहिलं नोबेल मिळालं १९७४ मध्ये.

मधल्या काळात त्याचं काम एकट्याने जिवंत ठेवलं ते ग्रोट रेबर या दुसऱ्या इंजिनीअरने. १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटन गावी घराशेजारच्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःच्या खर्चाने साडेनऊ मीटरची डिश बांधली आणि आकाशाचा रेडिओ नकाशा काढला. दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या स्पार्क प्लगची खरखर नकाशात घुसे, म्हणून तो मध्यरात्रीनंतर नोंदी घेई आणि सकाळी नोकरीवर जाई.

तुमच्या स्क्रीनवर अशी रेघ दिसली तर?

जान्स्कीची पद्धत आजही तीच आहे, फक्त चाकांऐवजी बटणं आली. विचारायचा प्रश्न एकच असतो, ही रेघ कशाबरोबर हलते?

सुरुवात अँटेना काढून करायची. तिच्या जागी ५० ओहमचं टर्मिनेशन लावायचं, म्हणजे यंत्राचे कान झाकले. तरीही रेघ तिथेच असेल तर ती बाहेरची नाही, यंत्राच्या आत जन्मलेली आहे. विद्यार्थी वापरतात त्या आरटीएल-एसडीआर डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं. त्याची पाचपट १४४ मेगाहर्ट्झ, आणि नेमक्या तिथे एक रेघ अनेकांना दिसते. हौशी रेडिओवाल्यांचा एक महत्त्वाचा पट्टा तिथूनच सुरू होतो, त्यामुळे नवखा माणूस ती कुणाचं तरी प्रसारण समजून बसतो.

अँटेना काढल्यावर रेघ गेली तरी ती खरी आहे असं लगेच मानू नका. जवळचं एफएम स्टेशन जोरात असेल तर यंत्र ओव्हरलोड होतं आणि खऱ्या सिग्नलांची आपापसांत भेसळ होऊन नवीनच रेघा उभ्या राहतात. इथे डोंगलचा गेन १० डेसिबलने कमी करून बघायचा. खरा सिग्नल १० नेच खाली येतो. भेसळीचा असेल तर बहुतेक वेळा ३० च्या आसपास कोसळतो. महागड्या अ‍ॅनालायझरमध्ये अ‍ॅटेन्युएटर वाढवला तर यंत्र तेवढी भरपाई करून दाखवतं, म्हणून खरी रेघ जागच्या जागी राहते आणि खोटी तेवढी बुडते. हे पहिल्यांदा पाहताना फार मजा येते.

नंतर मधली फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची. खरा सिग्नल आपल्या आकड्यावरून हलत नाही. स्क्रीनच्या बरोबर मध्ये चिकटून बसणारी किंवा उलट्या दिशेला पळणारी रेघ तुमच्याच यंत्राची. आणि सारख्या अंतरावरचे कंगव्याचे दात दिसले, तर घरातले चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर एकेक करून बंद करायचे. हे मला दोन रात्रींनी कळलं.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर वेळ मांडायची. रोजची नोंद ठेवायची. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ दिसते आणि रविवारी नसते, तर ती माणसांची. रोज चार मिनिटं लवकर येत असेल, तर ती ताऱ्यांची. १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल यांना कागदावर एक ठिगळासारखी खूण दिसली, तीही अशीच ताऱ्यांच्या घड्याळावर चालत होती. पहिला पल्सार सापडला तो असा. उलट ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीत वर्षानुवर्षं दिसणारे काही गूढ सिग्नल २०१५ मध्ये स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. काम पूर्ण व्हायच्या आधीच दार उघडलं की ते उमटायचे. त्या वैज्ञानिकांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

होल्मडेलनेही हा खेळ पुन्हा एकदा पाहिला. १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक आवाज कुठल्याही दिशेला सारखाच येत होता. त्यांनी आत राहणारी कबुतरं हाकलली, विष्ठा साफ केली, आवाज तसाच. तो विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उष्णतेचा निघाला आणि दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच गावात नको असलेल्या आवाजाने दोनदा खगोलशास्त्र बदललं, त्यातल्या पहिल्याला काही मिळालं नाही.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

आपल्या कर्जत-कल्याण लाइनवरच भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचं एक महत्त्वाचं सुरुवातीचं पाऊल पडलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या डिश बसवल्या. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या या डिशनी ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचं निरीक्षण केलं. त्यातून पुढे उटीची दुर्बीण झाली आणि मग नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

खोडद निवडण्यामागे रेडिओची शांतता हे एक मोठं कारण होतं. ती शांतता आता जपावी लागते. विजेच्या तारांवरच्या बारीक ठिणग्या, मोबाइल, उपग्रह सगळेच दुर्बिणीच्या कानात बोलतात. जीएमआरटीच्या सुधारित यंत्रणेत असे अडथळे त्याच क्षणी ओळखून गाळणारी सोय करावी लागली. पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचा मार्ग या भागातून नेण्यावर आक्षेप आला तो याच कारणाने. रेल्वे हवीच आहे, त्या पट्ट्यातल्या लोकांची ती जुनी मागणी आहे. पण दुर्बीण उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, रूळ वळवता येतात.

हे सिग्नल किती क्षीण असतात, ते मोजायच्या एककाचं नावच जान्स्की आहे. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ते स्वीकारलं. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एक हर्ट्झच्या पट्ट्यात पडणारी इतकी ऊर्जा, की एका वॉटला एकावर २६ शून्यं या आकड्याने भागावं. तुमच्या हातातल्या फोनच्या भाषेत सांगायचं तर, जुना २जी हँडसेट चंद्रावर ठेवला आणि तो एका वॉटने बोलू लागला, तर पृथ्वीवर त्याचा सिग्नल सुमारे २७० जान्स्की भरेल. आकाशातल्या बहुतेक रेडिओ स्रोतांपेक्षा तो फोन ठळक दिसेल. जीएमआरटी मात्र एका जान्स्कीच्या लाखाव्या भागाच्या पातळीवर आकाश ऐकते.

अमेरिकेतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरे या दुर्बिणीला २०१२ मध्ये जान्स्कीचं नाव देण्यात आलं. होल्मडेलमधली चक्रीची नेमकी जागा मात्र विसरली गेली होती, ती शोधून काढून १९९८ मध्ये तिथे त्याच्या अँटेनाच्या आकाराचं स्मारक उभं केलं. १६ सप्टेंबर १९३२ च्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आवाज सर्वांत जोरात होता, त्या क्षणी चक्री जशी होती, तसंच ते स्मारक ठेवलं आहे.

होल्मडेलमधून आकाशगंगेचा मध्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येतो. मोहोपाड्यातून तो ४२ अंशांपर्यंत चढतो. सप्टेंबरच्या मध्यावर, दिवेलागणीच्या वेळी, गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की तो समोर असतो. तेव्हा बहुधा ढग असतात. २०.५ मेगाहर्ट्झच्या लहरींना त्याने फरक पडत नाही, त्या ढगांतून आरपार येतात.